एकटा वीर आणि माखाचा शाप

 

आज एका परमुलखातल्या वीराची गोष्ट सांगायची आहे. मुलूख आयर्लंडचा. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात हे बेट आहे. पाऊस भरपूर, गवत भरपूर, त्यामुळे जुन्या काळी तिथली खरी दौलत म्हणजे गाईगुरं. नाणी चालत नव्हती. कोण किती मोठा, हे दावणीची जनावरं मोजून ठरायचं. त्या मुलखातला हा वीर, नाव कू खुलिन. नावं जरा जड लागतील, पण दोनदा ऐकली की जिभेवर बसतात.

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथल्या मोठ्या टपाल कचेरीत कू खुलिनचा पुतळा आहे. तो मरतानाचा आहे. अंग दगडाला बांधलेलं, मान कललेली आणि खांद्यावर एक पक्षी बसलेला. सतरा वर्षांचा पोर एका अख्ख्या फौजेसमोर एकटा उभा राहिला, ही त्याची कीर्ती. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण या दंतकथेनं पुढे खऱ्या माणसांना लढायला लावलं, मरायलाही लावलं.

आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एका मावशींनी मध्येच विचारलं, "एकटाच का? बाकीचे गडी कुठं गेले होते?" प्रश्न अगदी नेमका आहे. आजची गोष्ट आपण तिथूनच सुरू करू.

आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर नावाचा प्रांत. तिथे एक सुखवस्तू शेतकरी होता, त्याची बायको वारलेली. एके दिवशी एक अनोळखी बाई त्याच्या घरात आली. कुणाला काही न विचारता तिनं चूल पेटवली, पीठ मळलं, गाईंची धार काढली आणि घर सांभाळायला लागली. तिचं नाव माखा. तिच्या पावलानं घरात बरकत आली. अन्नधान्याला तोटा राहिला नाही. काही दिवसांनी तिला दिवस गेले.

पुढे राजानं मोठी जत्रा भरवली. शेतकरी जायला निघाला तेव्हा माखानं बजावलं, "तिथे माझ्याबद्दल एक शब्द बोलू नका." तो हो म्हणाला आणि गेला. जत्रेत रथांच्या शर्यती झाल्या. राजाच्या घोड्यांसारखे घोडे कुठे नाहीत, असं सगळे म्हणू लागले. हा बोलून बसला, "माझी बायको या घोड्यांपेक्षा जोरात पळते."

राजाला राग आला. त्याला तिथेच धरून ठेवलं आणि माखाला बोलावणं धाडलं. तिचे दिवस भरत आले होते. तिनं विनवलं की मला बाळंत होऊ द्या, मग पळते. राजा ऐकेना. पळाली नाहीस तर नवरा जिवानिशी जाईल, असं त्यानं सांगितलं. मग तिनं जमलेल्या लोकांकडे पाहिलं. तुम्हालाही कुण्या आईनंच जन्म दिलाय, थोडं थांबा, असं ती म्हणाली. एवढ्या मोठ्या जत्रेत एकही माणूस तिच्या बाजूनं उभा राहिला नाही.

माखा पळाली. राजाच्या घोड्यांना मागे टाकलं आणि शर्यतीच्या टोकाला पोचताच तिथेच बाळंत झाली. जुळं झालं. त्या वेणांतच तिनं शाप दिला. अल्स्टरवर जेव्हा सगळ्यात मोठं संकट येईल, तेव्हा इथल्या पुरुषांना बाळंतपणाच्या कळा येतील. पाच दिवस आणि चार रात्री ते असेच लोळतील, आणि हे नऊ पिढ्या चालेल.

त्या जागेचं नाव पडलं एव्हिन माखा, म्हणजे माखाची जुळी. ही जागा आजही आहे. उत्तर आयर्लंडमध्ये आर्मा शहराजवळ मातीचा मोठा गोल बंधारा आणि आत टेकाड आहे. पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी खणून पाहिलं, तेव्हा इसवी सनापूर्वी 95 च्या सुमाराची, सुमारे 40 मीटर रुंदीची लाकडी गोल इमारत तिथे होती, असं दिसलं. ती लोकांनी दगडांनी भरली आणि जाळली होती. म्हणजे गोष्ट कल्पनेची असली, तरी जागा खरीच मानाची होती.

आता मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या हाती आलं. शत्रू चालून आला तेव्हा अल्स्टरचे सगळे बाप्ये कळा देत पडलेले होते. बायका, लहान मुलं आणि कू खुलिन, एवढ्यांनाच शाप लागत नव्हता. त्याला एकट्याला उभं राहावं लागलं, कारण फार वर्षांपूर्वी एका गरोदर बाईला कुणी थांबू दिलं नाही.

आता या पोराकडे वळू. त्याचं पाळण्यातलं नाव सेतांता. आई राजाच्या नात्यातली, आणि बाप लू नावाचा देव, असं गोष्ट सांगते. पाच वर्षांचा असताना तो घरून एकटाच राजवाड्याकडे निघाला. हातात खेळायची काठी आणि चेंडू. चेंडू लांब मारायचा, पळत जाऊन तो खाली पडायच्या आत झेलायचा, असं करत त्यानं वाट सरवली. या खेळाला हर्लिंग म्हणतात. लांबून पाहिलं तर हॉकीसारखा वाटतो, पण चेंडू हवेतही मारतात. आजही तिथे गावोगावी हा खेळ आहे. 2018 साली युनेस्कोनं हर्लिंगला आणि बायकांच्या कमोगी या खेळाला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

एकदा कुलान नावाच्या लोहारानं राजाला जेवायला बोलावलं. सेतांता मागून येणार होता, राजा ते विसरला. लोहारानं आपला भला दांडगा राखणीचा कुत्रा मोकळा सोडला. पोर आलं तसा कुत्रा अंगावर धावला आणि पोरानं त्याला मारून टाकलं. सगळ्यांना हायसं वाटलं. लोहार मात्र खिन्न झाला. तो म्हणाला, "पोर वाचलं, बरं झालं. पण माझं घर आणि जनावरं आता कोण राखणार?" तेव्हा सहा वर्षांचा सेतांता म्हणाला, "याच जातीचं पिल्लू मोठं होईपर्यंत मी तुमची राखण करतो." त्यावरून त्याला कू खुलिन म्हणू लागले, म्हणजे कुलानचा कुत्रा. या वीराला नाव मिळालं ते नुकसान भरून दिल्याबद्दल. आम्हाला या गोष्टीतला हा भाग फार आवडतो.

पुढच्याच वर्षी त्यानं एका ज्ञानी माणसाला बोलताना ऐकलं, की आज जो शस्त्र हाती घेईल त्याचं नाव कायम राहील, पण त्याचं आयुष्य थोडं असेल. पोरानं त्याच दिवशी शस्त्र मागून घेतलं. पहिल्या लढाईतून परतला तेव्हा अंगात एवढा संताप चढला होता की आपलं-परकं कळत नव्हतं. आता हा आपल्याच माणसांवर तुटून पडणार, अशी वेळ आली. तलवारी घेऊन कुणी पुढे झालं नाही. राजवाड्यातल्या बायका पुढे गेल्या. आयांसारख्या, छाती उघडी टाकून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यानं लाजून तोंड फिरवलं. तेवढ्यात त्याला धरून गार पाण्याच्या पिंपात बुडवलं. पहिलं पिंप फुटलं, दुसऱ्यातलं पाणी उकळलं, तिसऱ्यातलं कोमट झालं. मग कुठे तो माणसात आला. बायकांचं हे पुढे होणं लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उल्लेख येणार आहे.

लढाईची सगळी विद्या त्याला शिकवली ती एका बाईनं. तिचं नाव स्काहाख. ती समुद्रापलीकडे स्कॉटलंडात राहायची. तिथल्या स्काय बेटावर एका पडक्या किल्ल्याला आजही तिचं नाव आहे. देशोदेशीची तरणी पोरं तिच्याकडे शिकायला यायची. गे बोल्ग नावाचा एक जहरी भाला कसा फेकायचा, हे तिनं फक्त कू खुलिनला शिकवलं. त्या भाल्याचा घाव लागला की माणूस वाचत नसे.

आता युद्ध का झालं ते ऐका. आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनॉख्त नावाचं राज्य होतं. तिथली राणी मेव आणि तिचा नवरा आलिल. एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आलिल म्हणाला, "माझ्याशी लग्न केल्यापासून तुझं बरं चाललंय." मेव उठून बसली. "माझं माझ्या बापाच्या घरीही बरंच होतं," म्हणाली. मग दोघांनी आपापली मालमत्ता मोजायला काढली. भांडी, अंगठ्या, कपडे, मेंढरं, घोडे, डुकरं, गाई, सगळं बाहेर आणलं. सगळं बरोबरीचं भरलं. फरक फक्त एका वळूचा निघाला. तो पांढऱ्या शिंगांचा वळू मेवच्याच गाईचा गोऱ्हा होता. पण बाईच्या मालकीचं म्हणवून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून तो आलिलच्या कळपात निघून गेला होता.

इथे आमच्या गटात सगळ्या हसल्या. पण बायांनो, यात नुसतं हसण्यासारखं नाही. जुन्या आयर्लंडच्या कायद्यात नवरा-बायकोच्या संसाराचे प्रकार सांगितले होते. दोघांनी सारखी भर घातलेला संसार, नवऱ्याच्या मालमत्तेवर चाललेला आणि बायकोच्या मालमत्तेवर चाललेला. कुणाची भर किती, त्यावर घरात कुणाचा शब्द चालणार हे ठरायचं. मेवचा हट्ट त्यामुळे साध्या वळूपुरता राहत नाही. वळू कमी पडला म्हणजे घरातला तिचा शब्द कमी पडला.

त्याच देशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोठ्या किमती मोजायचं त्यांचं एक माप होतं, त्याला कुमल म्हणत. कुमल या शब्दाचा मूळ अर्थ बटीक, विकत घेतलेली बाई. मेवनं वळूच्या बदल्यात जो रथ देऊ केला, त्याची किंमत होती तीन साते, म्हणजे एकवीस बटकी. एकीकडे स्वतःची मालमत्ता मोजणारी राणी आणि दुसरीकडे मोजण्याचं माप झालेल्या बाया. दोन्ही एकाच गोष्टीत आहेत.

तर मेवला बरोबरी करायला एक वळू हवा होता. तसा तपकिरी वळू अल्स्टरमध्ये कूली नावाच्या भागात होता. तिनं वर्षभरासाठी तो उसना मागितला आणि मोबदल्यात पन्नास कालवडी, जमीन आणि तो रथ देऊ केला. वळूचा मालक खुशीनं तयार झाला. पण रात्री मेवची माणसं दारू पिऊन बरळली, की यानं दिला नसता तरी आम्ही हिसकावून नेलाच असता. ते मालकाच्या कानावर गेलं आणि सौदा मोडला. मेवनं फौज काढली. आयर्लंडच्या सगळ्यात प्रसिद्ध जुन्या कथेचं नावच 'कूलीची गुरं पळवल्याची गोष्ट' असं आहे.

कू खुलिन नदीच्या उतारांवर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागांवर, फौजेला अडवू लागला. रोज एकाशी एक, असा करार झाला. मेवनं प्रत्येक वेळी नवा गडी पाठवला. पाठवताना ती आपल्या मुलीशी लग्न लावून देण्याचं वचन द्यायची. एकच मुलगी, आणि वचन कितीतरी जणांना.

असाच एकदा फेरदिया आला. हा कू खुलिनचा गुरुबंधू. स्काहाखकडे दोघं एकत्र शिकले, एका ताटात जेवले. आता समोरासमोर. दिवसभर एकमेकांना घायाळ करायचे आणि संध्याकाळी गळ्यात पडायचे. एकानं जखमेवरचा पाला पाठवायचा, दुसऱ्यानं जेवण पाठवायचं. दोघांचे घोडे एका ठिकाणी बांधलेले, दोघांचे सारथी एका शेकोटीला. पहिले दोन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी कू खुलिननं तो जहरी भाला वापरला. फेरदिया पडला. त्याला कवेत घेऊन कू खुलिन आपल्या काठाला घेऊन आला आणि त्याच्यासाठी रडला. त्या जागी आज आर्डी नावाचं गाव आहे. आयरिश भाषेत त्या नावाचा अर्थच फेरदियाचा उतार.

शेवटी अल्स्टरचे बाप्ये कळांमधून उठले, मोठी लढाई झाली आणि मेवची फौज मागे हटली. तोपर्यंत वळू तिनं पुढे पाठवला होता. तिथे पोचल्यावर तपकिरी वळू आणि पांढऱ्या शिंगांचा वळू एकमेकांना भिडले. तपकिऱ्यानं पांढऱ्याला मारलं, शिंगांवर त्याचं मांस घेऊन मुलूखभर पळाला, आणि आपल्या गावी पोचल्यावर उर फुटून मेला. ना मेवला वळू मिळाला, ना आलिलकडे राहिला, ना मालकाकडे. मेली ती माणसं वेगळीच. लढाईचा असा हिशेब जुन्या लोकांनी किती साधेपणानं मांडून ठेवलाय पाहा.

आणखी एक कथा आहे. ती ऐकताना आमच्या गटात कुणी काही बोललं नाही. स्काहाखकडे असताना कू खुलिनला ईफा नावाच्या लढवय्या बाईपासून मुलगा होणार होता. निघताना तो तिला एक अंगठी देऊन गेला. अंगठी बोटाला बसेल तेव्हा पोराला आयर्लंडला पाठव, असं सांगितलं. त्याबरोबर तीन अटी घातल्या. कुणासाठी वाट सोडायची नाही, कुणाला नाव सांगायचं नाही, लढाईला नाही म्हणायचं नाही. सात वर्षांनी पोरगा नाव घेऊन आला, कोन्ला. किनाऱ्यावर उतरला. नाव सांगेना, मागे हटेना, समोर येईल त्याला हरवत गेला. राजाच्या माणसांनी कू खुलिनला पुढे केलं.

त्याची बायको एमर. तिनं त्याच्या गळ्याला हात घालून अडवलं. "जाऊ नका, तो तुमचाच मुलगा आहे," असं ती म्हणाली. सवतीच्या पोराला वाचवायला ती उभी राहिली होती. तो म्हणाला की कुणीही असला तरी अल्स्टरच्या अब्रूसाठी मला लढलं पाहिजे. आणि तो गेला. समुद्राच्या पाण्यात बाप-लेक झुंजले. शेवटी बापानं तोच भाला काढला, जो स्काहाखनं आणखी कुणालाही शिकवला नव्हता. पोर पडलं. मग अंगठी ओळखली.

एमरचं त्यानं ऐकलं असतं तर? हा प्रश्न आमच्याकडच्या प्रत्येकीच्या मनात आला. घरातली बाई जे आधी ओळखते, ते अब्रूच्या गोष्टी करणाऱ्याला का ऐकू येत नाही?

आता त्याचा शेवट. कू खुलिनवर काही पथ्यं होती. कुत्र्याचं मांस खायचं नाही, कारण तेच त्याचं नाव. आणि वाटेत कुणी चुलीवरचं अन्न पुढे केलं तर नाही म्हणायचं नाही. शत्रूंनी वाटेत तीन म्हाताऱ्या बसवल्या, त्यांनी कुत्र्याचं मांस शिजवून पुढे केलं. एक पथ्य पाळावं तर दुसरं मोडतं. त्यानं घास घेतला आणि अंगातलं बळ गेलं. लढाईत भाला लागला तेव्हा त्यानं एका उभ्या दगडाला स्वतःला कंबरपट्ट्यानं बांधून घेतलं, मरण उभ्यानं यावं म्हणून. तो मेला हे शत्रूंना कळेना. जवळ जायची छाती होईना. शेवटी पक्षी येऊन खांद्यावर बसला, तेव्हा ते पुढे आले. आयर्लंडमधल्या लाउथ जिल्ह्यात, शेतात उभा असलेला एक उंच दगड आजही त्याचा म्हणून दाखवतात.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती पोथ्यांमुळे. मठांतल्या साधूंनी ती लिहून ठेवली. सर्वांत जुनी पोथी सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची, तिचं नाव 'तपकिरी गाईचं पुस्तक'. एका संताच्या गाईच्या कातड्यावर ती लिहिली, अशी श्रद्धा आहे. दुसऱ्या एका पोथीत तर कथा संपल्यावर लिहिणाऱ्यानं शेरा मारलाय, की यातल्या बऱ्याच गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास नव्हता, तरी त्यानं ती उतरवून काढली, हे त्याचे उपकार.

पुढे इंग्रजांचं राज्य आलं, आयरिश भाषा मागे पडत गेली, गोष्टी खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आणि पोथ्यांत उरल्या. 1902 साली लेडी ग्रेगरी या बाईंनी कू खुलिनच्या कथा एका पुस्तकात गुंफल्या. त्या चाळिशीच्या आसपास विधवा झाल्या, त्यानंतर आयरिश भाषा शिकल्या, आणि आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या बोलीच्या वळणानं त्यांनी हे पुस्तक लिहिलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1904 साली डब्लिनमध्ये ॲबी नावाचं नाट्यगृह सुरू केलं. पहिल्याच रात्री तिथे जे खेळ झाले, त्यांत कवी येट्स यांचं एक नाटक होतं. विषय कोणता? बापानं ओळख न पटता मुलाला मारल्याचा.

त्याच सुमारास पॅट्रिक पिअर्स नावाचे शिक्षक होते. 1908 साली त्यांनी मुलांसाठी शाळा काढली आणि मुलांपुढे आदर्श ठेवला कू खुलिनचा. आयुष्य एका दिवसाचं असलं तरी चालेल, कीर्ती मागे राहिली पाहिजे, हा त्याचा विचार शाळेत भिंतीवर चित्रासह होता. 24 एप्रिल 1916 रोजी आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठाव झाला. पिअर्स पुढारी होते आणि ठाणं होतं डब्लिनची ती टपाल कचेरी. उठाव आठवड्याभरात मोडला. 3 मे रोजी पिअर्सना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाला. आईचे दोनच मुलगे होते, दोन्ही गेले. पुढे त्या माउलीनं मुलाची शाळा चालवली आणि ती आयर्लंडच्या लोकसभेवरही निवडून गेली.

1935 साली, उठावाची आठवण म्हणून, कू खुलिनचा तो पुतळा टपाल कचेरीत बसवला. शिल्पकार ऑलिव्हर शेपर्ड यांनी तो उठावाच्या आधीच घडवला होता.

त्या उठावातली आणखी एक बाई सांगतो. एलिझाबेथ ओफॅरेल, परिचारिका. गोळीबार चालू असताना पांढरं निशाण घेऊन शरणागतीचा निरोप तीच घेऊन गेली. शरणागतीच्या प्रसिद्ध फोटोत ती पिअर्सच्या मागे झाकली गेली आहे, दिसतात ते तिचे पाय. पुढे काही ठिकाणी फोटो छापताना ते पायसुद्धा पुसून टाकले. पुतळे कुणाचे होतात आणि पाय कुणाचे पुसले जातात, ते यावरून समजून घ्यावं.

आणि आता या वारशाची दुसरी बाजू. आयर्लंड स्वतंत्र झाला, पण उत्तरेकडचा भाग ब्रिटनकडेच राहिला. तिथे 1960 च्या दशकाच्या शेवटापासून 1998 पर्यंत हिंसाचार चालला. साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. एका बाजूला आयर्लंडशी एक व्हायचं होतं, दुसरीला ब्रिटनबरोबर राहायचं होतं. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतल्या भिंतींवर चित्र एकाच वीराचं, कू खुलिनचं. एक म्हणे तो इंग्रजांविरुद्ध लढणारा आयरिश वीर. दुसरी म्हणे तो आयर्लंडच्या फौजेपासून अल्स्टर राखणारा आमचा वीर. गोष्ट एकच, आपल्या कामाचा तुकडा जो तो उचलून घेतो. एका गुरूच्या हाताखाली वाढलेले दोघे उतारावर लढले, तेच पुन्हा घडत होतं. संध्याकाळी एकमेकांना औषध पाठवण्याचा भाग तेवढा भिंतीवर कुणी काढला नाही.

आणि त्या संतापासमोर पुन्हा बायका उभ्या राहिल्या. 1976 साली बेलफास्टमध्ये एका बाईची तीन मुलं रस्त्यावर चिरडून मेली. त्यानंतर दोन्ही धर्मपंथांच्या बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. पुढे आलेल्या बेटी विल्यम्स आणि मेरेड कोरिगन यांना त्या वर्षीचं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. 1996 साली दोन्ही पंथांच्या बायकांनी मिळून आपला पक्ष काढला, निवडणूक लढवली आणि वाटाघाटीत दोन जागा मिळवल्या. 1998 च्या शांतता करारापर्यंत त्या तिथे बसून होत्या. कू खुलिनला पिंपात बुडवणाऱ्या बायकांची आठवण आम्हाला इथे होते.

तर या वीराकडून आपण काय घ्यायचं? त्याचं धाडस घ्यावं. कुत्रा मारला तर राखणीची जबाबदारी घेतली, ते तर जरूर घ्यावं. पण त्याच्या एकटेपणाचं कौतुक करताना त्याचं कारण विसरू नये. गाव संकटात पडतं तेव्हा गावाला वीर हवा असतो. माखा विनवत होती त्या दिवशी गावाला वीर नको होता. त्या गर्दीतल्या एकानं जरी म्हटलं असतं की थांबा, हिला बाळंत होऊ द्या, तरी पुढचं सगळं टळलं असतं. त्याला तलवार लागली नसती. त्या माणसाचा पुतळा कुणी उभारला नसता, हेही खरं.

येत्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही लिहून झाली की थोडा वेळ काढा आणि आपापसात एवढंच बोला. आपल्या गटात, आपल्या वस्तीत, दिवस भरलेली असताना डोक्यावर हंडा नाहीतर पाटी घेऊन कोण चाललीय? "थांब" म्हणायला तिच्याजवळ कोण आहे? नसेल, तर आपण आहोत ना. एकट्या वीराची वाट पाहण्यापेक्षा दहा-बारा जणींनी वेळेवर उठणं केव्हाही बरं.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.